थंड प्लग, गरम प्लग : वेगवान इंजिनातील उष्णतेचा हिशेब

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोटार-शर्यतींच्या मैदानावर एक दृश्य नेहमी दिसत असे. शर्यतीपूर्वी यंत्रकुशल कारागीर इंजिन सुरू करून ते चांगले तापवीत. मग ते बंद करून त्यातील सगळे स्पार्क प्लग काढीत, त्यांच्या जागी दुसरे बसवीत आणि त्यानंतरच मोटार आरंभरेषेकडे नेली जाई. काढलेल्या प्लगांत कोणताही दोष नसे. इंजिन तापविण्यासाठी ते उत्तम होते. परंतु शर्यतीच्या वेगात तेच प्लग इंजिनाचा नाश करू शकले असते. उलट, शर्यतीसाठी बसविलेले प्लग थंड इंजिनात काही मिनिटांतच काजळून निकामी झाले असते. पहिल्या प्रकाराला ‘मऊ’ आणि दुसऱ्याला ‘कठीण’ प्लग म्हणत. आज त्यांनाच अनुक्रमे गरम आणि थंड प्लग म्हणतात.

बाहेरून हे दोन प्लग ओळखू येऊ नयेत इतके सारखे असतात. त्यांच्यात भेद असतो तो उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेचा. या क्षमतेनुसार प्लगांची जी क्रमवारी लावली जाते, तिला उष्णता-श्रेणी किंवा कारागिरांच्या भाषेत ‘हीट रेंज’ असे नाव आहे.

उष्णतेचा मार्ग

स्पार्क प्लगाचे मुख्य भाग तीन. मध्यभागी धातूची विद्युत्-शलाका, तिच्याभोवती ॲल्युमिनापासून भाजून केलेला पांढरा निरोधक आणि सर्वांत बाहेर आटे पाडलेले पोलादी कवच. कवचाच्या खालच्या कडेला एक वाकविलेली पट्टी जोडलेली असते. ही पट्टी आणि मधली शलाका यांच्यातील फटीत ठिणगी पडते आणि पेट्रोल व हवा यांचे मिश्रण पेटते. चारधावी इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला ३,००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा ही क्रिया घडते. जळत्या वायूंचे तापमान दर वेळी क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते.

ही उष्णता निरोधकाच्या टोकाला सतत मिळत राहते. तेथून ती निरोधकातून वर चढते, जेथे निरोधक कवचाला टेकलेला असतो तेथे कवचात शिरते आणि आट्यांवाटे सिलिंडरच्या हेडात व पुढे थंड करणाऱ्या पाण्यात जाते. निरोधकाचे मोकळे टोक लांब असेल, तर उष्णतेला लांबचा रस्ता तोडावा लागतो आणि टोक तापलेले राहते. हा गरम प्लग. टोक आखूड असेल, तर रस्ता जवळचा असल्याने उष्णता लवकर निघून जाते. हा थंड प्लग.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गरम प्लगाची ठिणगी अधिक प्रखर असते, म्हणून तो बसविला की शक्ती वाढते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ठिणगीच्या तीव्रतेचा या नावाशी काहीही संबंध नाही. ती इग्निशन कॉइल, विद्युत्-दाब आणि फटीचे अंतर यांवर ठरते. प्लग शक्ती निर्माण करीत नाही. इंजिनाने निर्माण केलेल्या उष्णतेत तो टिकून राहतो, एवढेच त्याचे काम.

दोन सीमा

प्लगाच्या टोकाला दोन सीमांच्या मध्ये राहावे लागते. खालची सीमा सुमारे ४५० अंश सेल्सिअसची. टोक याहून थंड राहिले, तर त्यावर बसणारी काजळी जळून जात नाही. काजळी विजेची वाहक असल्याने विद्युत्-दाबाला कवचापर्यंत पोहोचण्यास आडवाट सापडते. फटीत ठिणगी पडत नाही आणि इंजिन ‘मिसिंग’ मारू लागते.

वरची सीमा सुमारे ८५० अंशांची. टोक याहून तापले, तर ते निखाऱ्यासारखे धगधगते आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवून देते. यालाच पूर्वप्रज्वलन म्हणतात. दट्ट्या अजून वर चढत असतो आणि त्याच्या विरोधात वायू आधीच फुगू लागलेले असतात. त्यामुळे सिलिंडरातील उष्णता वाढते, टोक आणखी तापते आणि पुढच्या फेऱ्यात मिश्रण त्याहूनही लवकर पेटते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की काही सेकंदांत ॲल्युमिनियमच्या दट्ट्याला वितळून भोक पडू शकते. उरलेले सिलिंडर इंजिन फिरवीतच असल्यामुळे चालकाला धोक्याची जाणीव बहुधा उशिरा होते.

या दोन चुकांची किंमत सारखी नाही. प्लग फार थंड निघाला, तर इंजिन अडखळते आणि प्लग पुसून किंवा बदलून काम भागते. तो फार गरम निघाला, तर इंजिन खोलावे लागते. वेगवान इंजिनासाठी प्लग निवडताना शंका आली, तर थंड बाजूने सुरुवात करावी, या जुन्या कारागिरांच्या नियमाचे मर्म हेच आहे.

सुधारलेल्या इंजिनाची गरज

कारखान्यातून निघालेल्या इंजिनासाठी योग्य प्लग कोणता, हे निर्मात्याने चाचण्या घेऊन ठरविलेले असते. गर्दीत रांगणारी आणि महामार्गावर धावणारी अशी एकच मोटार सांभाळणारी ती तडजोड असते. इंजिनात सुधारणा केली की या तडजोडीचा तोल बदलतो. संपीडन गुणोत्तर वाढविले, मिश्रण विरळ केले, ठिणगीची वेळ पुढे आणली, टर्बोचार्जर बसविला किंवा दीर्घकाळ पूर्ण वेगाने इंजिन चालविले, तर टोकाचे तापमान चढते. मिश्रण दाट केल्यास ते उतरते. हिमालयातील उंच खिंडींत हवा विरळ असल्याने सिलिंडरात कमी उष्णता निर्माण होते. शिवाय कार्ब्युरेटरचे मिश्रण तेथे आपोआप दाट होते. साहजिकच सखल प्रदेशात उत्तम चालणारा थंड प्लग तेथे काजळू लागतो.

प्लग-निर्मात्यांच्या अनुभवानुसार उष्णता-श्रेणीची एक पायरी बदलली असता टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. ठिणगीची वेळ दहा अंशांनी पुढे आणल्यासही तापमान जवळजवळ तितकेच वाढते. ही दोन माने शेजारी ठेवली की एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. ठिणगीची वेळ किंवा मिश्रणाचे प्रमाण चुकलेले असताना प्लग निवडण्यात अर्थ नाही. तसे केल्यास एका चुकीवर दुसऱ्या चुकीचे पांघरूण पडते. आधी इंजिनाची जुळणी अचूक करावी आणि प्लगाची श्रेणी सर्वांत शेवटी ठरवावी.

इंजिनाच्या शक्तीत ७५ ते १०० अश्वशक्तींची भर पडली, तर प्लग एक पायरी थंड घ्यावा, असा एक स्थूल नियम सांगितला जातो. परंतु तो केवळ आरंभबिंदू होय. प्लगाला इंजिनाची एकूण अश्वशक्ती कळत नाही; त्याला कळते ती आपल्या एका सिलिंडराची उष्णता. आठ सिलिंडरांत वाटली गेलेली वाढ आणि तीन सिलिंडरांवर आलेली तेवढीच वाढ या सारख्या असू शकत नाहीत. हवा शुद्ध करणारी गाळणी किंवा धूर वाहणारी नळी एवढेच बदलले असेल, तर मूळ प्लग बदलण्याची गरज बहुधा पडत नाही.

इंजिनातून खडखड आवाज येऊ लागला, म्हणजे ‘नॉकिंग’ होऊ लागले, की थंड प्लग लावण्याचा सल्ला दिला जातो. येथेही सावधगिरी हवी. नॉकिंग ठिणगीनंतर घडते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाब व उष्णता यांमुळे एकदम पेट घेते. त्यावरचे उपाय म्हणजे अधिक ऑक्टेन क्रमांकाचे पेट्रोल, मागे घेतलेली ठिणगीची वेळ आणि योग्य मिश्रण. थंड प्लगाने मूळ दुखणे जात नाही.

क्रमांकांचा घोळ

दुकानात गेलेल्या माणसाची सर्वाधिक फसगत क्रमांकांमुळे होते. जपानच्या एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांच्या प्लगांवर क्रमांक जितका मोठा, तितका प्लग थंड. चँपियन कंपनीच्या नेहमीच्या प्लगांवर आणि बॉशच्या आजच्या प्लगांवर नेमके उलट. क्रमांक मोठा, तर प्लग गरम. बॉशची जुनी पद्धत मात्र निराळी होती. तीत १७५ पेक्षा २२५ हा प्लग थंड मानला जाई. भारतात मायको या नावाने बंगळूरला बनणाऱ्या प्लगांमुळे ही जुनी पद्धत आपल्याकडच्या अनेक कारागिरांच्या हाडीमाशी मुरलेली होती. म्हणून एका कंपनीचा क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या क्रमांकाशी अंदाजाने जुळवू नये. निर्मात्याने दिलेला तक्ता पाहावा.

श्रेणीइतकीच प्लगाच्या मापांचीही काळजी घ्यावी लागते. आट्यांची लांबी हेडातील भोकाइतकीच असली पाहिजे. ती जास्त असेल, तर दट्ट्या प्लगावर आदळू शकतो किंवा उघडे पडलेले आटे तापून पूर्वप्रज्वलन घडवितात. ती कमी असेल, तर हेडातील रिकाम्या आट्यांत काजळी साठते. प्लग सैल बसविला, तर उष्णता हेडात नीट जात नाही आणि थंड प्लगही गरम प्लगासारखा वागतो. टर्बोचार्जर लावलेल्या किंवा संपीडन वाढविलेल्या इंजिनात दाट वायूतून ठिणगी उडविण्यास अधिक विद्युत्-दाब लागतो, म्हणून फट कमी ठेवतात. इरिडियम किंवा प्लॅटिनम यांच्या बारीक शलाकांचे प्लग कमी विद्युत्-दाबावर ठिणगी देतात आणि अधिक काळ टिकतात. परंतु महाग धातू म्हणजे थंड प्लग, असे समीकरण मांडता येत नाही.

प्लगाची साक्ष

निवड योग्य ठरली की नाही, हे अखेर प्लगच सांगतो. त्याची रीत ठरलेली आहे. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर नवे प्लग घालून मोटार काही काळ पूर्ण थ्रॉटलवर पळवावी, मग एकदम इग्निशन बंद करून त्याच क्षणी क्लच दाबावा आणि मोटार घरंगळत थांबू द्यावी. किल्ली फिरविताना स्टिअरिंगला कुलूप लागणार नाही, याची खात्री आधी करून घ्यावी. मोटार हळूहळू चालवीत परत आणली, तर मंद वेगातील काजळी पूर्ण वेगाचा पुरावा झाकून टाकते.

निरोधकावर कोरडी काळी काजळी असेल, तर मिश्रण दाट आहे किंवा प्लग फार थंड आहे. ओलसर तेलकट थर असेल, तर दोष दट्ट्याच्या कड्यांत किंवा झडपांत शोधावा. निरोधक पांढराफटक, फोड आल्यासारखा आणि शलाका झिजलेली दिसली, तर उष्णता मर्यादेबाहेर गेली आहे. निरोधकावर ॲल्युमिनियमचे बारीक चकाकते कण दिसले, तर दट्ट्या झिजू लागला आहे, असे समजून तेथेच थांबावे. बाजूच्या पट्टीवर उष्णतेने उमटलेली रंगरेषाही पाहावी. ती पट्टीच्या वळणाजवळ असेल, तर श्रेणी साधारण योग्य मानतात.

जुन्या पुस्तकांत योग्य प्लगाचा रंग बदामी तपकिरी सांगितलेला आढळतो. तो बहुतांशी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील आहे. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. आजच्या पेट्रोलवर निरोगी प्लगही बराच पांढरट दिसू शकतो. केवळ रंगावर विसंबून मिश्रण दाट करीत गेल्यास निष्कारण पेट्रोल जळते आणि शक्तीही घटते.

अभ्रकापासून आजपर्यंत

प्लगाचा इतिहास शर्यतींशी निगडित आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी केनेल्म ली गिनेस हा शर्यतपटू आपल्या मोटारींतील प्लग वारंवार निकामी होत असल्याने त्रासला आणि त्याने स्वतःच अभ्रकाचे निरोधक असलेले प्लग बनविण्यास प्रारंभ केला. त्याच्या आद्याक्षरांवरून ‘केएलजी’ या नावाने ओळखले गेलेले हे प्लग त्या युद्धातील विमानांतही वापरले गेले. पुढे १९२२ साली ब्रुकलँड्स येथे त्यानेच ताशी सुमारे २१५ किलोमीटरचा जागतिक वेगविक्रम केला. त्या काळी जगाला अभ्रकाचा मोठा पुरवठा भारतातून होत असे. आज झारखंडात असलेला कोडर्माचा परिसर त्यासाठी प्रसिद्ध होता. कालांतराने ॲल्युमिनाने अभ्रकाची जागा घेतली. तांब्याचा गाभा असलेल्या शलाका आणि पुढे आलेली टोके यांमुळे एकच प्लग पूर्वीपेक्षा पुष्कळ मोठ्या तापमान-कक्षेत काम करू लागला. आरंभरेषेपूर्वी प्लग बदलण्याची रीत त्यामुळे मागे पडली.

चेन्नईजवळच्या शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर पूर्वी ज्या शर्यती होत, त्यांत फिएट आणि हेरल्ड यांसारख्या रोजच्या वापरातील मोटारीही सुधारणा करून उतरविल्या जात. हौशी चालकाला इंजिन एकच आणि पैसा मर्यादित. आजही देशातील अनेक चालकांची स्थिती याहून वेगळी नाही. त्यांच्या दृष्टीने काही रुपयांच्या प्लगाची निवड ही साऱ्या इंजिनाच्या आयुष्याची निवड असते. मूळ श्रेणीपासून निघावे, जुळणी आधी पूर्ण करावी, गरजेप्रमाणे एकेक पायरी थंड बाजूला सरकावे आणि प्रत्येक पायरीवर प्लग काढून पाहावा. पूर्ण वेगात न धगधगणारा आणि मंद वेगात न काजळणारा प्लग हाती लागला की थांबावे. त्याहून थंड प्लगाने वेग वाढत नाही.