अंग मोकळे व्हायला ताण किती द्यावा?

टेंभी नाक्याची दहीहंडी आनंद दिघे यांच्यामुळे नावारूपाला आली. २०१२ साली ठाण्यातच जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा जागतिक विक्रम केला. थरांचे वेड आपल्या वस्त्यांतल्या पोरांनाही आहे. सरावात पोरगा ओणवा झाला की कोणी थोराड गडी वरून त्याची पाठ दाबतो. आम्हाला हे मुळीच पसंत नाही. अशाने अंग लवचिक होत नाही. शीर मात्र भरते आणि कामावरचे खाडे पडतात.

गुरुपौर्णिमा ते गोकुळाष्टमी, अधिक महिना नसेल तर, सुमारे सव्वापाच आठवडे. एवढ्यात अंग सुटते का? सुटते. १९९४ साली अमेरिकेत बँडी आणि आयरियन यांनी मांडीच्या मागच्या स्नायूवर प्रयोग केला : आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. ३० सेकंद ताण धरणाऱ्यांना चांगला गुण आला. १५ सेकंदवाले मागे पडले, आणि ६० सेकंद धरणाऱ्यांना ३० पेक्षा जास्त काही मिळाले नाही. १९९७ च्या प्रयोगात दिवसातून तीनदा करणाऱ्यांनाही एकदा करणाऱ्यांइतकाच फायदा झाला.

म्हणजे हिशेब सोपा आहे. पोटरी, मांडीची मागची बाजू, खांदे : प्रत्येकाला ३० सेकंद, दोनदा, आठवड्यातून पाच दिवस. खर्च काही नाही. दिवसभर उभ्याने काम करणारे बाबा आणि धुणीभांडी करणारी आई यांनीही करावे.

पहिल्या आठवड्यांत स्नायू फारसा लांब होत नाही. ताण सोसण्याची शरीराची सवय वाढते. सवय जोराने लागत नाही, रोजच्या नेमाने लागते. म्हणून ओढ जाणवली की तिथेच थांबावे, श्वास चालू ठेवावा, हिसके देऊ नयेत. कळ आली तर सोडावे.

थर लावण्याआधी भरभर चालावे, हात-खांदे फिरवावेत. एकाच जागी मिनिटापेक्षा जास्त धरलेला ताण काही वेळ ताकद कमी करतो. तो सरावानंतर द्यावा.

आणखी एक. १४ वर्षांखालील मुलांना थरात घेतले जाणार नाही, असे राज्य सरकारने २०१७ मध्ये उच्च न्यायालयात सांगितले आहे. अंग कितीही लवचिक असो, लहानग्याला वर चढवू नका. पडल्यावर लवचिकपणा हाड वाचवत नाही.