अल्प भांडवलातले अस्सल भय

मोठ्या निर्मितीसंस्थांच्या पैशावर न विसंबता दिग्दर्शकाने स्वतः किंवा ओळखीपाळखीच्या लोकांकडून भांडवल उभे करून काढलेल्या चित्रपटास स्वतंत्र चित्रपट म्हणतात. भयपटाला ज्यांनी खरोखर नवी वाट दाखवली, त्या कलाकृतींतील अनेक याच वर्गात मोडतात, तरीही सामान्य प्रेक्षकापर्यंत त्या क्वचितच पोहोचल्या. अशा उपेक्षित भयपटांत पहिला मान 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२) या अमेरिकी कृष्णधवल चित्रपटाला द्यावा लागेल.

त्याचा दिग्दर्शक हर्क हार्वे हा कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे सेंट्रॉन नावाच्या संस्थेत शाळा व कारखान्यांसाठी माहितीपट करीत असे. कॅलिफोर्नियाहून परतताना ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवराच्या काठी सॉल्टएअर हे ओस पडलेले करमणूक केंद्र त्याच्या दृष्टीस पडले आणि त्या वास्तूभोवती कथा रचण्याचे काम त्याने आपला सहकारी जॉन क्लिफर्ड याच्यावर सोपवले. सुमारे ३३ हजार डॉलर आणि जेमतेम तीन आठवडे एवढ्या बळावर चित्रीकरण उरकले गेले. नायिकेच्या मागावर असलेल्या पांढऱ्याफटक चेहऱ्याच्या पुरुषाची भूमिकाही हार्वेनेच केली.

मोटार पुलावरून नदीत कोसळल्यावर काही तासांनी चिखलातून एकटीच बाहेर आलेली मेरी हेन्री, परगावच्या चर्चमध्ये ऑर्गन, म्हणजे नळ्यांत हवा भरून सूर काढणारे अवाढव्य वाद्य, वाजवण्याची नोकरी पत्करते. एका प्रसंगी ती दुकानात नवा पोशाख घालून पाहते आणि विक्रेतीशी बोलू लागते, पण समोरच्या बाईला ती दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. रस्त्यावर माणसांची ये-जा चालूच असते, मात्र भोवतालचा सारा गोंगाट नाहीसा झालेला असतो. पुढे बागेत पक्ष्याची किलबिल कानी येते, तेव्हाच जग पूर्ववत होते. रक्ताचा थेंबही न दाखवता, केवळ ध्वनी काढून घेऊन माणसाचे असणेच संशयास्पद करणारा हा प्रसंग भयपटाच्या इतिहासात अजोड आहे.

भारतीय उदाहरणांत भास्कर हजारिका यांचा असमिया 'कोथानोदी' (२०१५) विशेष मोलाचा आहे. लक्ष्मीनाथ बेझबरुआ यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोककथासंग्रहावर तो आधारलेला असून, त्याच्या नावाचा अर्थच कथानदी असा होतो. बाईच्या पोटी जन्मलेले एक फळ तिच्या मागोमाग पायवाटेने घरंगळत चालले आहे, हे दृश्य त्यात इतक्या साधेपणाने येते की पाहणाऱ्याला प्रथम माया वाटते आणि मग अंगावर काटा येतो. मराठीत विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'ने (२०१७) उसाच्या फडाआड दडलेल्या घरात एका गर्भवतीला आणून स्त्रीभ्रूणहत्येचा विषय मांडला. उत्तरार्धात तो काहीसा बोलका होत असला, तरी उषा नाईक यांच्या अभिनयासाठी तो अवश्य पाहावा.

'कार्निव्हल ऑफ सोल्स'च्या प्रतींवर स्वामित्वहक्काची, म्हणजे कॉपीराइटची, आवश्यक नोंद राहून गेल्याने तो अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा झाला आणि आज विनामूल्य पाहता येतो. मात्र तो मोबाइलच्या इवल्या पडद्यावर, कामे करता करता पाहू नये. खोलीत अंधार करावा आणि आवाज पुरेसा मोठा ठेवावा.