युरोपियन स्टडीजमध्ये एम.ए. : नेमकं शिकतात काय?

युरोपियन स्टडीज म्हटलं की लोकांना राजवाडे, चित्रकला आणि फ्रेंच आठवतं. माझ्या मते हा विषय मुळात कायद्याचा आहे. १९४९ पासून चालणाऱ्या ब्रुजच्या कॉलेज ऑफ युरोपमध्येही कायदा, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांच्यावरच भर असतो. १९६४ चा कोस्टा खटला घ्या. मिलानच्या एका वकिलानं विजेचं किरकोळ बिल भरायला नकार दिला आणि त्यातून युरोपीय न्यायालयानं ठरवलं की सामायिक युरोपीय कायदा राष्ट्रीय कायद्याहून वरचढ. सदस्य देशांच्या मूळ करारात असं कलमच नव्हतं! जर्मनीच्या घटना न्यायालयानं हे बिनशर्त कधीच मान्य केलं नाही. वाद आजही चालू आहे, आणि अभ्यासाची खरी गंमत तिथंच आहे.

मग सरळ एलएल.एम. का करू नये? आक्षेप रास्त आहे. युरोपियन स्टडीजच्या पदवीनं वकिलीची सनद मिळत नाही. पण युरोपीय संघातल्या २७ देशांच्या वाटाघाटी कळल्याशिवाय त्या कायद्यातली तडजोड उलगडत नाही. 'आपल्याला त्याचं काय?' असंही विचारतात. नाशिकची द्राक्षं युरोपात उतरतात तेव्हा त्यांत कीटकनाशकाचा किती अंश चालेल, हे युरोपीय संघाचेच नियम ठरवतात.