पोटातली बांधी

गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचे पाणी कालव्यांनी बांध्यांत उतरते आणि धान उभे राहते. पण नुसत्या पाण्याने आणि बियाण्याने पीक येत नाही, हे अर्जुनी मोरगाव तालुक्यातला कुठलाही शेतकरी सांगेल. मातीत जीव लागतो. धुऱ्यावरच्या तुरीच्या मुळांना बारीक गाठी येतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात आणि बदल्यात थोडी साखर घेतात. न दिसणारे हे मजूर नसतील तर जमीन हळूहळू रोड होते.

माणसाच्या पोटातही अशीच एक बांधी आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीने. सगळ्यांचे मिळून वजन मात्र पाव किलोही भरत नाही. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

हे पाहुणे फुकट जेवत नाहीत. डाळींचा, भाज्यांचा, धान्याच्या कोंड्याचा जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून तयार होणारी काही आम्ले आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न असते. के जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वेही ते बनवतात. बाहेरून आलेल्या रोगजंतूला बसायला जागा मिळू देत नाहीत, आणि कोणाशी लढायचे व कोणाला सोडायचे हे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला शिकवतात.

प्रत्येक मुलखाची माती वेगळी, तशी पोटेही वेगळी. पुण्यातल्या संशोधकांनी निरोगी भारतीय माणसांच्या विष्ठेतून एक नवा जिवाणू वेगळा केला आणि २०१४ मध्ये त्याला ‘मेगास्फेरा इंडिका’ असे नाव दिले. पुण्याच्याच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांना २०१६ मध्ये आढळले, की भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे गट विशेष प्रमाणात असतात. त्यांतला प्रिव्होटेला धान्य, डाळी, भाजी खाणाऱ्यांच्या पोटात जास्त सापडतो.

रमजानमध्ये खाण्याच्या वेळा बदलतात, तेव्हा या बांधीलाही ते जाणवते. तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात महिन्याच्या रोज्यांनंतर काही उपकारक जिवाणू वाढलेले दिसले. अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्यात माणसे फक्त नऊ होती, म्हणून त्यावर मोठा दावा करता येत नाही. एवढे मात्र पक्के, की जिवाणूंना चोथा लागतो. इफ्तारला नुसती भजी, समोसे आणि सरबत झाले, तर जीभ खूश होते आणि बांधी उपाशी राहते. खजूर, भिजवलेले हरभरे, फळे, तुरीची डाळ, पालेभाजी हे त्यांचे खरे जेवण. भात शिजवून गार केला की त्यातला काही स्टार्च लहान आतड्यात न पचता पुढे जातो आणि जिवाणूंच्या वाट्याला येतो. शेजारच्या छत्तीसगडात रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी ‘बासी’ म्हणून खातात, त्यात हा गुण आहे. पाणी स्वच्छ हवे. बुळबुळीत झालेला किंवा घाण वास येणारा भात फेकूनच द्यावा.

खरा धोका मात्र वेगळ्या बाजूने येतो. बांधीत तण दिसले म्हणून सरसकट विष फवारले, तर धानही जळते. अँटिबायोटिकचे तसेच आहे. जिथे गरज आहे तिथे ते जीव वाचवते. पण सर्दी किंवा साध्या जुलाबासाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेतलेल्या दोन गोळ्या रोग न मारता चांगले जिवाणू मारतात. औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे उरतात, आणि पुढच्या खऱ्या आजारात तेच औषध चालत नाही. साध्या जुलाबात आधी ओआरएस हवे. डॉक्टरांनी दिलेला कोर्स रोजा आहे म्हणून मध्येच सोडणेही चूक. गोळीच्या वेळा सहरी आणि इफ्तारला बसवता येतात का, हे डॉक्टरांनाच विचारावे. बसत नसतील, तर आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे. राहिलेले रोजे नंतर ठेवण्याची मुभा सूरह बकरामध्ये स्पष्ट दिली आहे.

चांगले जिवाणू काय करू शकतात, याचा मोठा पुरावा ओडिशाच्या खेड्यांतून आला. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या चमूने साडेचार हजारांवर नवजात बाळांचा अभ्यास केला. निम्म्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लान्टेरम हा जिवाणू आणि त्याचे अन्न दिले. पहिल्या ६० दिवसांत रक्तात जंतुसंसर्ग होण्याचे आणि मृत्यूचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. मात्र ती बाळे पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांची होती आणि सर्व काही संशोधकांच्या देखरेखीखाली झाले. घरच्या घरी बाळावर असा प्रयोग करायचा नसतो. त्याच्यासाठी आईचे दूधच पहिले. त्यातली काही साखर बाळाला पचतच नाही, ती त्याच्या पोटातल्या जिवाणूंसाठीच असते.

मोठ्यांना दही-ताक आहेच. दह्यातले जिवाणू पोटात कायमचे मुक्काम करत नाहीत, जाता जाता काम करून जातात. म्हणून ते रोज थोडे हवे. इटियाडोहच्या टापूत प्रतापगडावर महादेवाचे मंदिर आहे आणि ख्वाजा उस्मान हारुनींचा दर्गाही. जवळच गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत. या सगळ्यांच्या स्वयंपाकघरांत दही एकाच रीतीने लागते: कोमट दुधात चमचाभर जुने दही. आणि ज्या घरी विरजण संपते, तिथले पोर वाटी घेऊन शेजारी जाते.