समुद्रावरील शिरगणती

इ. स. २०१५ च्या जून महिन्यांत रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक निळा देवमासा येऊन पडला, आणि तेथेंच त्याचा अंत झाला. किनाऱ्यास लागलेलें असें एखादें प्रचंड जनावर सर्वांस दिसतें. परंतु अरबी समुद्रांत तशीं आणखी किती आहेत, याचें उत्तर किनाऱ्यावर उभें राहून देतां येत नाहीं. त्यासाठीं जहाजावरूनच मोजणी करावी लागते.

समुद्रापासून दूर, देवगांव रंगारीच्या शिवारांतील शेतकऱ्यालाही या मोजणीचें तत्त्व परकें वाटणार नाहीं. पिकाचा अंदाज घेतांना सारें शिवार तोलून पाहत नाहींत. निवडक तुकड्यांतील पीक कापून, तोलून सगळ्याचा हिशेब बांधतात. समुद्रावर या तुकड्यांच्या जागीं नकाशावर आधींच आखलेल्या सरळ रेषा असतात. जहाज त्यांवरून बहुधा दहा नॉट, म्हणजे ताशीं सुमारें साडेअठरा किलोमीटर, अशा एकसारख्या वेगानें जातें. निरीक्षक उंच डेकवर डावी-उजवी बाजू वांटून घेऊन दुर्बिणींतून पाहत असतात. थकलेली नजर चुकते, म्हणून पाळ्या बदलतात. फवारा किंवा पाठ दिसतांच जात, संख्या, वेळ, अंतर आणि जहाजाच्या दिशेशीं होणारा कोन टिपून घेतात. त्यांवरून प्राणी रेषेपासून किती दूर होता तें निघतें. जवळचे बहुतेक दिसतात, दूरचे निसटतात. अंतर वाढेल तसतशा नोंदी किती विरळ होतात, यावरून न दिसलेल्यांचाही हिशेब मांडतां येतो.

परंतु समुद्र फसवतो. वारा वाढून लाटांवर पांढरा फेंस उठूं लागला कीं डॉल्फिनची पाठ त्यांत हरवते. स्पर्म जातीचा देवमासा पाऊणएक तास पाण्याखालीं राहतो, आणि जहाज त्याच्या वरून निघून जातें. उलट डॉल्फिन जहाजाच्या नाळेपुढील लाटेवर खेळावयास आपण होऊन येतात व संख्या फुगवितात. म्हणून ‘चार तास पाहिलें, कांहीं दिसलें नाहीं’ ही नोंदही तितकीच मोलाची असते. किती वेळ व किती अंतर पाहिलें हें ठाऊक नसेल, तर दिसलेल्यांच्या आकड्याला अर्थ उरत नाहीं.

भारतांत कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे निरीक्षक २००३ पासून ‘सागर संपदा’ या जहाजावरून अशा नोंदी घेऊं लागले. १९८४ सालीं डेन्मार्कमध्यें बांधलेल्या या जहाजाच्या सफरी मुळांत मत्स्य व समुद्र संशोधनासाठीं. निरीक्षकांनीं त्यांतच आपली जागा साधली. कोणती जात कोठें आढळते हें अशा सफरींतून कळतें. परंतु मार्ग दुसऱ्याच कामासाठीं ठरलेला असल्यामुळें एकूण संख्या काढतांना फार जपावें लागतें.

इतकी काटेकोर नोंद कशासाठीं? १९६६ च्या नोव्हेंबरांत सोव्हिएत शिकारी जहाजांनीं अरबी समुद्रांत २३८ हंपबॅक देवमासे बेकायदा मारले, आणि आकडे दडविले. खरा हिशेब १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें ओमानच्या समुद्रांत झालेल्या अभ्यासांत या देवमाशांच्या संख्येचा अंदाज शंभराच्या आंतच आला. खोट्या नोंदींनीं एका प्राण्याचा ऱ्हास तीस वर्षें झांकून ठेवला. म्हणून निरीक्षकाच्या वहींतील रिकामी ओळसुद्धां खरी असावी लागते.