ठिणगीचा माग

या पोरांनो, बसा जवळ. आज एका ठिणगीचा माग कसा काढला, ती गोष्ट सांगतो.

शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला गादी स्थापली आणि कितीतरी मराठी घरं कावेरीच्या मुलखात रुजली. तंजावरहून कुंभकोणमला निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर पापनाशम लागतं. थोर रचनाकार पापनाशम शिवन यांच्या नावातलं पापनाशम ते हेच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरं आणि कडेनं विजेचे खांब.

त्या रस्त्यानं अशाच एका घरातली मंडळी जुन्या पेट्रोल गाडीतून चालली होती. रेडिओवर मीडियम वेव्हचं तिरुचिरापल्ली स्टेशन लावलेलं. गाणं रंगात आलं, पण त्यात सारखी टकटक. मागं बसलेली नात म्हणाली, “आजोबा, गाडी पळायला लागली की टकटकही पळते!”

केवढं मोलाचं बोलली ती! चार सिलिंडरच्या इंजिनात पेट्रोल पेटवायला दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. मिनिटाला ९०० फेरे म्हणजे सेकंदाला ३० ठिणग्या. ३००० फेरे झाले की सेकंदाला १००. टकटक इंजिनाबरोबर दाट होते, म्हणजे तिचं मूळ प्लगच्या ठिणगीत असणार. बारीक शिटी वाजली असती आणि वेगाबरोबर तिचा सूर चढला असता, तर संशय गाडीत वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवर गेला असता.

पण ठिणगी बॉनेटखाली आणि रेडिओ आत. मग ती गाण्यात शिरलीच कशी? याचं उत्तर जर्मनीत कार्ल्सरूहे इथं हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७ च्या सुमारास शोधलं. त्यांनी एकीकडे ठिणगी पाडली आणि काही अंतरावर ठेवलेल्या तारेच्या कड्याच्या फटीत इवलीशी ठिणगी चमकली. मधे तार नव्हती. वीज अचानक उसळली की तिच्यातून लहरी सुटतात आणि हवेतून चालत जातात. शिवाय, भांड्यांची उतरंड कोसळली की जसे सगळे सूर एकदम उठतात, तशा ठिणगीतून लहानमोठ्या सगळ्या लहरी एकदम निघतात. म्हणून स्टेशन बदललं तरी टकटक पिच्छा सोडत नाही. मीडियम वेव्हचा रेडिओ लहरीची उंची वाचतो आणि ठिणगी नेमकी उंचीच बिघडवते. एफएम रेडिओ लहरींची वारंवारता वाचतो, त्यामुळे तिथं हा त्रास फार कमी.

पापनाशमला गाडी थांबवून इंजिन बंद केलं, रेडिओ मात्र चालू ठेवला. टकटक गेली. पण एक अखंड घरघर उरलीच! गाडी थोडी पुढं ढकलली, तर घरघर ओसरली. मागं आणली, पुन्हा वाढली. वर पाहिलं तर विजेचा खांब. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. तारेचा जोड सैल असला किंवा इन्सुलेटर तडकलेला असला, की प्रत्येक आवर्तनात दोनदा तिथं बारीक ठिणग्या उडू शकतात. म्हणजे गाण्याच्या वाटेत दोन ठिणग्या आल्या होत्या, एक गाडीतली आणि एक रस्त्यावरची. खांबाचा नंबर लिहून वीज कचेरीत कळवला. असल्या खांबाला आपण हात लावायचा नाही. ते काम लाइनमनचं.

मग गाडीतल्या ठिणगीसाठी मेकॅनिक गाठला. त्यानं इंजिन सुरू करून रेडिओची एरियल काढली. टकटक थांबली, म्हणजे ती एरियलमधूनच येत होती. एरियल काढूनही राहिली असती, तर रेडिओला वीज पुरवणारी वायर तपासावी लागली असती. प्लग पाहिले, तर आत रेझिस्टर नसलेले. साधारण पाच हजार ओहमचा रेझिस्टर असलेले प्लग बसवले. तरीही ठिणगी पडते, पेट्रोलही पेटतं, पण रेझिस्टरमुळे विजेची उसळी सौम्य होते. बॉनेटची सुटलेली अर्थची पट्टीही जोडली. गाणं स्वच्छ झालं.

हे काम मोठमोठे शास्त्रज्ञही करतात बरं! गोविंद स्वरूप यांनी तमिळनाडूतच उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली. ती १९७० मध्ये सुरू झाली. पुढं आपल्या नारायणगावजवळ खोडदला त्यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण उभी केली. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण, की विजेच्या तारेवरची ठिणगी त्यांना सहज झाकून टाकते. म्हणून खोडदची मंडळीही अशा ठिणग्यांचा माग काढत असतात.

आता तुमची पाळी. सेलवरचा मीडियम वेव्ह रेडिओ घ्या आणि दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा. एलईडी दिवा, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर यांच्याजवळ न्या. खरखर सापडली की रेडिओ आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. आतल्या फेराइट दांडीचं टोक खरखरीच्या उगमाकडे वळलं की आवाज बहुधा मंदावतो. मग एका वेळी एकच वस्तू बंद करा आणि काय बदललं ते वहीत लिहा. दोन वस्तू एकदम बंद केल्यात, तर खोडी कुणाची ते कधीच कळणार नाही.