खाजेवरचे लोशन: बाटली उलटी करून वाचा

थंडी पडली की नडगीवर नखाने पांढरी रेघ उठू लागते, टाचा भेगाळतात आणि रात्री पांघरुणात शिरल्यावर खाज सुटते. मग मेडिकलमध्ये जाऊन "खाजेवर काहीतरी द्या" म्हणायचे आणि मिळेल ते लावायचे, असा बहुतेकांचा शिरस्ता. या लोशनांविषयीचे काही पक्के बसलेले समज तपासून पाहू.

गैरसमज : 'मेडिकेटेड' लिहिले आहे ना, मग कोणतेही चालेल.

वस्तुस्थिती : या एका शब्दावरून आत काय आहे ते कळत नाही. ते बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत असते. ग्लिसरीन आणि युरिया पाणी धरून ठेवतात. पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन वरून थर धरतात, त्यामुळे त्वचेतले पाणी उडून जात नाही. सेरामाइड हा तर त्वचेच्या वरच्या थरात मुळातच असणारा मेद. कोरड्या त्वचेत तो कमी पडतो. प्रमाणही बघावे लागते. 5 ते 10 टक्के युरिया ओलावा टिकवतो. 20 टक्के आणि त्यापुढे तो जाड कातडी मऊ करून सोलू लागतो. टाचांसाठी आणलेले लोशन म्हणूनच चेहऱ्याला लावू नये.

गैरसमज : खाज कसलीही असो, गुलाबी कॅलामाइन लावावे.

वस्तुस्थिती : कॅलामाइन म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइड, गुलाबी रंग त्यातल्या थोड्याशा आयर्न ऑक्साइडचा. लोशनमधले पाणी उडताना गार वाटते आणि मागे पूड राहते. ही पूड ओल शोषते, म्हणून घामोळे किंवा किडा चावल्यावर ते बरे. कोरड्या त्वचेला मात्र ते आणखी कोरडे करते. काही कॅलामाइन लोशनमध्ये लिक्विड पॅराफिन घातलेले असते, ते इतके सुकवत नाही. तेव्हा इथेही मागची यादी वाचायची.

गैरसमज : झोंबले म्हणजे औषध लागू पडतेय.

वस्तुस्थिती : युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड चिरलेल्या, खाजवून सोललेल्या जागी झोंबते. तो गुण येत असल्याचा पुरावा नाही; तिथली त्वचा उघडी पडल्याची ती खूण आहे. अशा जागी आधी साधी पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचे क्रीम लावावे आणि चिरा भरल्यावर युरियाकडे वळावे. 'हर्बल' किंवा 'आयुर्वेदिक' लिहिलेल्या लोशनातल्या सुगंधानेही ॲलर्जी होऊ शकते. नवे लोशन दोन-चार दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून पाहावे.

गैरसमज : खाज सुटली की चार थेंब चोळले, झाले.

वस्तुस्थिती : लोशन खाज सुटण्याआधी लावायचे असते. उत्तम वेळ अंघोळीनंतरची. पाणी कोमट घ्यावे, घासणी टाळावी. साध्या साबणाचा पीएच 9 ते 10, तर त्वचेचा 5 च्या आसपास; म्हणून साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता ठेवावा. टॉवेलने अंग टिपून घ्यावे, खसाखसा पुसू नये आणि त्वचा ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, लोशन लावावे. हात केसांच्या दिशेने, वरून खाली फिरवावा. उलटे चोळल्यास केसांच्या मुळाशी फोड येऊ शकतात. झोपताना दुसऱ्यांदा लावावे.

प्रमाणाचा अंदाज तर फारच चुकतो. इसब असलेल्या मुलांसाठी ब्रिटनच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम मॉइश्चरायझर सांगितले आहे. आपल्याकडे 100 मिलीची बाटली अख्ख्या घराला महिनाभर पुरवतात आणि मग "काही फरक पडला नाही" म्हणतात. महागड्या लोशनची काटकसर करण्यापेक्षा स्वस्तातले, साधे, पण भरपूर लावलेले बरे.

गैरसमज : तेल ते तेल; कोणतेही लावले तरी एकच.

वस्तुस्थिती : खोबरेल खरोखर उपयोगी आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिलिपिन्समधल्या चाचणीत इसब असलेल्या मुलांना आठ आठवडे लावलेले व्हर्जिन खोबरेल तेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरले. ऑलिव्ह तेलाने मात्र त्वचेचे संरक्षक आवरण कमकुवत होते, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मोहरीचे तेलही त्वचेला त्रास देऊ शकते. आणि तेल स्वतः पाणी देत नाही, असलेले पाणी अडवते. म्हणून तेही ओलसर अंगावरच लावावे.

गैरसमज : छोट्या ट्यूबने एका रात्रीत खाज थांबते, मग तीच रोज लावावी.

वस्तुस्थिती : एका रात्रीत थांबली, तर त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड आहे. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन ही नावे शोधा. इसबाचा जोर असताना, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, ही औषधे उत्तम काम करतात. पण ती मॉइश्चरायझर नव्हेत. महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते, चेहरा लाल होऊन मुरुमे येतात. नायट्यावर लावल्यास खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. या गैरवापरामुळेच 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले. डॉक्टरांनी मलम आणि लोशन दोन्ही दिले असेल, तर दोहोंमध्ये अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे.

गैरसमज : खाज आहे म्हणजे त्वचा कोरडीच असणार.

वस्तुस्थिती : घरात दोघा-तिघांना एकदम, रात्री वाढणारी आणि बोटांच्या बेचक्यांत सुटणारी खाज असेल, तर ती खरूज असू शकते, तिला घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावे लागते. कडा उठलेले गोल चट्टे असतील, तर नायटा. अंगावर काहीच दिसत नाही आणि खाज मात्र सगळीकडे, असे असेल तर मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृत यांची तपासणी लागते. यातले काहीही लोशनने बरे होत नाही.

गैरसमज : लोशनने कसला आलाय अपाय?

वस्तुस्थिती : मधुमेहींनी पावलांना जरूर लावावे, पण बोटांच्या मध्ये नाही; तिथे ओल साचून बुरशी धरते. दुसरा धोका आगीचा. ही मलमे आणि लोशने कपड्यांत, पांघरुणात मुरली की ते कापड चटकन पेट घेते. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी 2018 मध्ये तसा इशाराच दिला होता. धुतल्यानेही ती पूर्ण निघत नाहीत. हातापायांना चोपडून लगेच गॅसपाशी किंवा समईजवळ जाऊ नये. खाजणाऱ्या आजी-आजोबांच्या बिछान्याजवळ विडी-सिगारेट तर नकोच.

पुढच्या वेळी लोशन घेताना दुकानातच बाटली उलटी करा आणि मागची नावे, टक्केवारी वाचा. दोन आठवडे नीट आणि भरपूर लावूनही खाज हटली नाही, किंवा त्वचेतून पाणी, पू येऊ लागला, तर दुसरी बाटली विकत घेऊ नका; तेच पैसे त्वचारोगतज्ज्ञाच्या तपासणीवर खर्च करा.